जेईई मेनची तयारी: अकरावीपासून समुपदेशनापर्यंत

अभियांत्रिकीच्या देशव्यापी प्रवेशासाठी घेतली जाणारी संयुक्त प्रवेश परीक्षा, अर्थात जेईई मेन, २०१३ पासून या नावाने घेतली जाते. २०१९ पासून तिचे संचालन राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजेच एनटीए, करते. परीक्षा संगणकावर होते आणि वर्षातून दोन सत्रांत, साधारणपणे जानेवारीच्या उत्तरार्धात व एप्रिलच्या आरंभी, घेतली जाते. गोव्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व दुहेरी आहे. २०१० मध्ये स्थापन झालेल्या आणि आता कुंकळ्ळी येथील कायमस्वरूपी संकुलात गेलेल्या एनआयटी गोवाचा मार्ग याच परीक्षेतून जातो. २०१६ पासून फर्मागुढी येथे सुरू असलेल्या आयआयटी गोवासह देशातील कोणत्याही आयआयटीसाठी जी जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते, तिची पहिली पायरीही हीच. झुआरीनगर येथील बिट्स पिलानीच्या गोवा संकुलासाठी मात्र बिटसॅट ही स्वतंत्र परीक्षा आहे, तिचा अभ्यासक्रम बव्हंशी समान असला तरी.

या परीक्षेसाठी कुटुंबे बराच पैसा आणि मुले आपल्या वयाची सोळावी-सतरावी वर्षे खर्च करतात. तरीही शिकवणीची दोन वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी परीक्षागृहात अडखळतो, असे वारंवार दिसते. त्याने तास ऐकलेले असतात, वह्या भरलेल्या असतात, छापील साहित्याचे गठ्ठे घरी असतात. कमी पडलेली असते ती एकच गोष्ट: कोणाच्याही मदतीविना, कोऱ्या कागदावर, स्वतः सोडवलेल्या आणि चुकल्यानंतर पुन्हा सोडवलेल्या प्रश्नांची संख्या. पुढील विवेचनाचा भर त्यावरच आहे.

प्रश्नपत्रिकेचा हिशेब

बी.ई. किंवा बी.टेक.साठीच्या पहिल्या पेपरात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांचे प्रत्येकी २५, असे एकूण ७५ प्रश्न असतात. प्रत्येक विषयात २० प्रश्न चार पर्यायांचे आणि ५ प्रश्न संख्यात्मक उत्तराचे. करोनाकाळात संख्यात्मक विभागात दहांपैकी पाच निवडण्याची जी सवलत सुरू झाली होती, ती २०२५ पासून रद्द झाली असून आता पाचही प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला वजा एक, एकूण गुण ३००, वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटे चोवीस सेकंद येतात. गणकयंत्र वापरता येत नाही, लॉगची पुस्तिकाही नसते. शाळेत गणकयंत्राची सवय लागलेल्या विद्यार्थ्याने दोन अंकी गुणाकार, वर्ग, वर्गमुळे आणि अपूर्णांकांचे संक्षेप हाताने करण्याची सवय अकरावीतच लावून घेतली पाहिजे. हा वेग शेवटच्या महिन्यात येत नाही.

वजा गुणांविषयी पालकांत आणि काही शिक्षकांतही एक सरसकट भीती असते, तिची शहानिशा साध्या गणिताने होते. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर चारांतून एकदा चार गुण मिळतात व तीनदा एकेक गुण जातो. सरासरी पाव गुणाचा लाभ. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर हाच लाभ दीड गुणांवर जातो. कागदावर तर्क फायद्याचा दिसतो खरा, पण पर्याय डोळे मिटून रचलेले नसतात. चिन्हाची चूक केली तर जे उत्तर येईल, त्रिज्येऐवजी व्यास घेतला तर जे येईल, तेच पर्यायांत ठेवलेले असते. अर्धवट ज्ञान विद्यार्थ्याला नेमके त्या चुकीच्या पर्यायाकडे नेते. म्हणून पर्याय बाद करण्यासाठी ठोस कारण सांगता आले तरच उत्तर द्यावे. ‘हेच असावे’ एवढ्या भावनेवर देऊ नये. ६० प्रश्न सोडवून ४५ बरोबर आणणाऱ्याला १६५ गुण मिळतात, तर ५० सोडवून ४६ बरोबर आणणाऱ्याला १८०.

गुणांचे रूपांतर पुढे पर्सेंटाइलमध्ये होते, आणि इथे घरोघरी गैरसमज आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या पाळीतील शंभरांपैकी नव्वद परीक्षार्थींचे गुण या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक दिवस व अनेक पाळ्यांत होते, पाळीगणिक काठिण्य बदलते, म्हणून तुलना त्याच पाळीतील परीक्षार्थींशी केली जाते. अलीकडच्या वर्षांत दोन्ही सत्रे मिळून चौदा लाखांहून अधिक परीक्षार्थी बसले आहेत. त्या संख्येत ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढेही चौदा हजारांच्या आसपास विद्यार्थी असतात. ‘नव्याण्णव पडले’ म्हणून पेढे वाटण्यापूर्वी हा आकडा लक्षात घेतलेला बरा, आणि ९२ पडले म्हणून खचण्यापूर्वी, आपल्यामागे तेरा लाखांच्या घरात परीक्षार्थी आहेत हेही.

गोव्याच्या वेळापत्रकात परीक्षा बसवताना

दोन्ही सत्रे दिली तर त्यांतील चांगला गुणांक क्रमवारीसाठी धरला जातो. या दोन सत्रांच्या मधोमध, फेब्रुवारी-मार्चमध्ये, गोवा शालान्त मंडळाची बारावीची परीक्षा येते. तयारीचे सारे नियोजन या एका वस्तुस्थितीभोवती फिरते. जानेवारीचे सत्र येते तेव्हा बहुतेक उच्च माध्यमिक विद्यालयांत बारावीचा अभ्यासक्रम नुकताच संपलेला किंवा संपत आलेला असतो, प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असतात आणि सरावासाठी मोकळा वेळ उरत नाही. त्यामुळे ज्याने अकरावीचे वर्ष दहावीनंतरची विश्रांती म्हणून घालवले, त्याला जानेवारीत दोन वर्षांचा अभ्यास एकदम पुढ्यात दिसतो.

जेईईच्या अभ्यासक्रमाचा जवळपास अर्धा भाग अकरावीचा आहे. गतीचे नियम, घूर्णन गती, उष्मागतिकी, रासायनिक समतोल, सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वे, त्रिकोणमिती, शांकव हे सारे त्यात येते. शिवाय बारावीचे विषय त्यावरच उभे राहतात: सदिश न समजलेल्याला विद्युतचुंबकत्व समजत नाही आणि अकरावीत अवकलनाशी तोंडओळख न झालेला बारावीत संकलनापाशी अडकतो. तेव्हा अकरावीचा अभ्यासक्रम बारावीच्या उंबरठ्यावर एकदा पूर्ण उजळणी होऊन हातात असावा, बारावीचा शाळेच्या थोडा पुढे राहून नोव्हेंबरअखेर संपवावा आणि डिसेंबर-जानेवारी मिश्र सरावासाठी ठेवावा, ही आखणी व्यवहार्य ठरते. फेब्रुवारीत मंडळाच्या परीक्षेला पूर्ण वेळ द्यावा. ही सवलत नव्हे. एनआयटी, ट्रिपलआयटी आणि आयआयटीतील प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान अशी अट आहे. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ती ६५ टक्के आहे. जेईईत उत्तम गुण मिळवूनही बारावीच्या गुणांपायी जागा गमावण्याची वेळ येऊ शकते. मंडळाची परीक्षा संपल्यानंतर एप्रिलच्या सत्रापर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, ते खरे सोन्यासारखे. त्या वेळी नवा धडा उघडू नये.

जानेवारीच्या सत्राचा आणखी एक उपयोग फारसा कोणी करत नाही. परीक्षेनंतर एनटीए तात्पुरती उत्तरसूची आणि प्रत्येक उमेदवाराने दिलेली उत्तरे संकेतस्थळावर खुली करते. एखादे उत्तर चुकीचे वाटल्यास शुल्क भरून हरकत घेता येते. मुख्य म्हणजे, आपला स्वतःचा पेपर शांतपणे घरी बसून तपासता येतो. खऱ्या परीक्षेच्या ताणाखाली कोणते प्रश्न सुटले आणि कोणते येत असूनही चुकले, याचा एवढा प्रामाणिक पुरावा कोणतीही शिकवणी देऊ शकत नाही. ही पाने उतरवून ठेवावीत आणि एप्रिलची तयारी त्यावरूनच आखावी.

वेळेचा प्रश्न गोव्यात प्रवासाशीही जोडलेला आहे. पेडणे, सत्तरी, धारबांदोडा किंवा काणकोणच्या अंतर्भागातून पणजी, म्हापसा वा मडगावला रोज शिकवणीसाठी जाणाऱ्या मुलाचे दिवसाचे काही तास बसमध्ये जातात. शाळा, प्रवास, शिकवणी आणि पुन्हा प्रवास यानंतर रात्री नऊला घरी पोचलेला विद्यार्थी प्रश्न सोडवू शकत नाही, तो फार तर वही चाळतो. अशा घरांनी आठवड्याचे सहा दिवस शिकवणी घेण्याऐवजी दोन-तीन दिवसांची किंवा ऑनलाइन शिकवणी घेऊन वाचलेले तास सोडवण्यासाठी राखले तर लाभ अधिक होतो. चतुर्थीचे दिवस घरच्या माणसांत घालवल्याने मात्र कोणाचीही क्रमवारी घसरत नाही. घसरते ती त्यानंतरचा पंधरवडा तसाच गेल्याने.

विषय कसा हाताळावा

गोवा मंडळाच्या विज्ञान शाखेत एनसीईआरटीची पुस्तके वापरली जातात आणि जेईईचा पायाही तीच आहेत. रसायनशास्त्रात, विशेषतः असेंद्रिय भागात, हे पुस्तक ओळीगणिक वाचावे लागते: आवर्ती गुणधर्मांचे कल, त्यांतील अपवाद, संयुगांचे रंग, तक्त्याखालच्या टिपा. सेंद्रिय रसायनात अभिक्रियांची यादी पाठ करण्यापेक्षा इलेक्ट्रॉन कोठून कोठे सरकतो हे प्रत्येक अभिक्रियेत हाताने काढून पाहणे उपयोगी पडते. भौतिक रसायनशास्त्र हा बराचसा गणिताचाच भाग आहे. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमात कपात झाली. बहुवारिके, पृष्ठभाग रसायन, द्रव्याच्या अवस्था, संदेशवहन प्रणाली, गणिती विगमन, गणिती तर्क असे भाग गळाले. जुनी पुस्तके वापरताना चालू वर्षाची माहितीपुस्तिका शेजारी ठेवावी. ॲडव्हान्स्डचा अभ्यासक्रम स्वतंत्रपणे जाहीर होतो, हेही विसरू नये.

भौतिकशास्त्रात सूत्रांची वही ही सर्वांत फसवी गोष्ट. एक उदाहरण पुरेसे आहे. भरीव गोळा, तबकडी आणि कडे एकाच उतारावरून न घसरता घरंगळत सोडले, तर आधी कोण पोचेल? तिघांचे त्वरण अनुक्रमे, नुसते घसरणाऱ्या घर्षणरहित वस्तूच्या त्वरणाच्या पाच सप्तमांश, दोन तृतीयांश आणि निम्मे असते. गोळा पहिला, कडे शेवटचे. ज्याने हे तीन आकडे पाठ केले, तो एवढाच प्रश्न सोडवील. पण ज्याने बल आणि आघूर्ण यांची समीकरणे मांडून ते काढले, त्याच्या ध्यानात येते की वस्तुमान आणि त्रिज्या उत्तरातून गळून पडतात, उरते ते केवळ वस्तुमानाचे अक्षाभोवतीचे वितरण. मग पोकळ गोळा आला, उताराऐवजी ऊर्जेवरून वेग विचारला, घर्षणाने केलेले कार्य विचारले (न घसरता घरंगळताना ते शून्य असते) किंवा घसरू नये यासाठी किमान घर्षणांक किती असे विचारले, तरी त्याला नवे काही पाठ करावे लागत नाही. एका प्रश्नावर अर्धा तास घालवून त्याची अशी चार रूपे स्वतः तयार करणे, हे एका बैठकीत वीस सोडवलेली उदाहरणे वाचण्यापेक्षा अधिक फलदायी असते.

गणितात अडचण वेगळी आहे. धड्याच्या शेवटचे प्रश्न सोडवताना कोणती पद्धत लागणार हे धड्याच्या नावावरूनच कळलेले असते. परीक्षेत ते नाव नसते. म्हणून प्रत्येक धडा एकदा पक्का झाला की त्यातील प्रश्न इतर धड्यांत मिसळून सोडवावेत. सुरुवातीला गुण कमी येतात आणि मुले नाउमेद होतात. पण पद्धत ओळखण्याचे कौशल्य येते ते त्याच अवस्थेत.

भाषेचाही थोडा विचार करावा. ही परीक्षा तेरा भाषांत उपलब्ध आहे व त्यांत मराठीही आहे. मात्र माहितीपुस्तिकेत प्रादेशिक भाषांसमोर त्या-त्या राज्यातील केंद्रे दिलेली असतात आणि मराठीसमोर महाराष्ट्र. अनुवादाविषयी शंका निर्माण झाल्यास इंग्रजी पाठ अंतिम धरला जातो. गोव्यातील मुले पाचवीपासून इंग्रजीतून शिकत असल्याने त्यांना याची झळ कमी बसते. तरीही प्राथमिक शिक्षण मराठी किंवा कोकणीतून झालेल्या अनेकांना लांबलचक इंग्रजी प्रश्नाचे वाचन जड जाते. संकल्पना मराठीतून समजून घ्यावी, प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच वाचावा.

चुकांची वही

२००६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात बरेच अधिक राहिले होते. पुन्हा वाचताना मनाला जो ‘हे येते’ असा दिलासा मिळतो, तो किती अल्पजीवी असतो हे यातून दिसते. जेईईच्या तयारीत शिक्षकाने फळ्यावर सोडवलेले उदाहरण समजणे हा नेमका तसाच दिलासा आहे.

म्हणून सराव चाचणीइतकाच, किंबहुना अधिक, वेळ तिच्या तपासणीला द्यावा. तीन तासांच्या चाचणीनंतर गुण पाहून पालकांना सांगणे आणि पुढच्या चाचणीकडे वळणे ही सर्वत्र दिसणारी रीत निरुपयोगी आहे. प्रत्येक चुकलेला आणि सोडून दिलेला प्रश्न एका स्वतंत्र वहीत उतरवून त्यापुढे कारण लिहावे: संकल्पनाच ठाऊक नव्हती, ठाऊक होती पण आठवली नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. नंतर उत्तर न पाहता तो प्रश्न सोडवावा, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा. चार-पाच चाचण्यांनंतर या वहीतून प्रत्येकाचा स्वतंत्र नमुना उमटतो. एखाद्याच्या निम्म्या चुका एककांच्या असतात, एखाद्याच्या ‘कोणता पर्याय अयोग्य आहे’ या शब्दांकडे दुर्लक्ष केल्याच्या. अशा विद्यार्थ्याला आणखी एका जाड पुस्तकाची गरज नसते.

चाचण्या संगणकावरच द्याव्यात. परीक्षेच्या पडद्यावर पुढे-मागे जाणे, प्रश्न पुनर्विचारासाठी राखून ठेवणे यांची सवय लागते. उत्तर देऊन पुनर्विचारासाठी राखलेला प्रश्नही तपासणीत धरला जातो, हे अनेकांना माहीत नसते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका एनटीएच्या संकेतस्थळावर आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘साथी’ या व्यासपीठावर व्याख्याने व चाचण्या विनामूल्य मिळतात. त्यामुळे शिकवणी परवडत नाही म्हणून ही परीक्षा आपली नाही, असे कोणी मानण्याचे कारण नाही.

शिकवणी, डमी प्रवेश आणि एक दुर्लक्षित अट

चांगली शिकवणी शिस्त देते, शंका फेडते आणि स्पर्धेचा अंदाज देते. प्रवेश घेताना विचारायचा प्रश्न एवढाच की शंका विचारायला शिक्षक आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष उपलब्ध असतो. जाहिरातीतील छायाचित्रांवरून ते कळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, क्रमांकाची हमी देऊ नये, विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उर्वरित काळाचे शुल्क परत करावे, असे त्यात म्हटले आहे. सातवी-आठवीपासूनच्या ‘फाउंडेशन’ वर्गांसाठी आग्रह धरणाऱ्या पालकांनी ती वाचावीत.

दहावीनंतर मुलाला कोटा, हैदराबाद किंवा पुण्याला पाठवण्याचा निर्णय घेताना मात्र एक नियम तपासून पाहणे अत्यावश्यक आहे. एनआयटींमधील साधारण निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि विद्यार्थी कोणत्या राज्याचा हे ठरते ते त्याने बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली यावरून. जन्मस्थान, आधारपत्रावरील पत्ता किंवा पालकांचे मूळ गाव याने ते ठरत नाही. म्हणजे म्हापशाचा मुलगा राजस्थानातील शाळेतून बारावी झाला, तर एनआयटी गोवासाठी तो परराज्यातील उमेदवार ठरतो. गोव्यासारख्या छोट्या राज्यात स्थानिक जागांसाठीची स्पर्धा देशपातळीवरील स्पर्धेपेक्षा सहसा सौम्य असते. तो लाभ बाहेरच्या ‘डमी’ शाळेतील नावनोंदणीपायी हातचा जातो. डमी प्रवेश स्वतःच धोक्याचा आहे, कारण नियमित हजेरीविना बारावीला बसवणाऱ्या शाळांवर सीबीएसईने कारवाई केलेली आहे. राज्यातील महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी रहिवासाच्या अटी वेगळ्या असतात. त्यासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची त्या वर्षीची पुस्तिका पाहावी. आयआयटींत राज्यनिहाय कोटा नाही.

निकालानंतर ‘ड्रॉप’ घेण्याचा विचार पुढे येतो. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षे देता येते, ॲडव्हान्स्ड मात्र सलग दोनच वर्षे, आणि तीही मेनमधील पहिल्या अडीच लाख पात्र उमेदवारांनाच. वर्ष थांबायचे की नाही याचे उत्तर गुणांत कमी आणि चुकांच्या वहीत अधिक सापडते. संकल्पना पक्क्या असून वेळ, आकडेमोड किंवा आजारपण आड आले असेल, तर एका वर्षात मोठी सुधारणा शक्य असते. अकरावीचा निम्मा अभ्यासक्रम अद्याप अनोळखी असेल आणि मुलाला स्वतःला उत्साह नसेल, तर तेच वर्ष घरात ताण निर्माण करते. मुलाची झोप उडणे, जेवण तुटणे, मित्रांशी बोलणे बंद होणे ही लक्षणे दिसल्यास चाचण्या बाजूला ठेवून डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

जागावाटप २०१५ पासून ‘जोसा’मार्फत होते. पसंतिक्रम भरताना मिळण्याची शक्यता न पाहता खऱ्या आवडीच्या क्रमाने पर्याय भरावेत, कारण वरचा पर्याय न मिळाल्यास खालच्या पर्यायावरील हक्क कमी होत नाही. मागील वर्षाच्या फेरीनिहाय अंतिम क्रमांकांची यादी त्याच संकेतस्थळावर असते. इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेअर) व आर्थिक दुर्बल घटकांची प्रमाणपत्रे केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातील लागतात. ती मामलेदार वा उपजिल्हाधिकारी कार्यालयातून मिळायला वेळ लागतो, त्यामुळे एप्रिलचे सत्र आटोपताच अर्ज करावा.